चिखलदऱ्याच्या थंडीत डिझेल हीटर: धूर बाहेर, ऊब आत

विदर्भात तंबूत हीटर लावतो म्हटलं की पुण्या-मुंबईची मंडळी चमकतात. त्यांच्या डोळ्यांपुढे विदर्भ म्हणजे मे महिन्याचं ऊन, कूलर आणि वाळ्याच्या ताट्या. पण २०१८ च्या डिसेंबरअखेर खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि नागपूर तर सपाटीवरचं गाव. चिखलदऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच. जानेवारीत तिथे उघड्या शेतात रात्र काढायची तर दोन रजयाही पुरत नाहीत, आणि सोबत लहान मुलं असली की काळजी वेगळीच.

यंदा आम्ही अमरावतीहून निघालो. परतवाड्यात गाडीत आणि पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये डिझेल भरून घेतलं आणि धामणगाव गढीच्या रस्त्याने घाट चढलो. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मुक्काम एका गवळी काकांच्या शेतात, त्यांना आधी विचारून ठरवला होता. दुपार गाविलगडावर गेली. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. तो तट आणि ते तलाव पाहताना मला दर वेळी वाटतं, ऐन डिसेंबरात या डोंगरांतून तोफा ओढून आणणाऱ्यांनी आणि तटावर रात्री जागणाऱ्यांनी ही थंडी कशी सोसली असेल? किल्ल्यावर सविस्तर पुन्हा कधीतरी लिहीन. आज लिहायचं आहे ते हीटरबद्दल, कारण गेल्या काही हिवाळ्यांत ही डिझेल हीटरची पेटी बऱ्याच जणांच्या गाडीत दिसू लागली आहे आणि ती वापरण्याची पद्धत बघून मला खरोखर भीती वाटते.

मुळात हे यंत्र ट्रकच्या केबिनसाठी. एबरस्पेशर आणि वेबास्टो या जर्मन कंपन्या असे हीटर कित्येक वर्षांपासून बनवत आल्या आहेत. हल्ली तेच तंत्र, टाकी, पंप आणि पंखा एका हातात धरायच्या पेटीत बसवून मिळतं. आत दोन हवा असतात आणि त्या एकमेकींना कधीच भेटत नाहीत. एक हवा ज्वाळेची: ती एका नळीने आत येते, डिझेल जाळते आणि सायलेन्सरमधून बाहेर जाते. दुसरी आपली: ती तापलेल्या धातूच्या पंखांवरून फिरते आणि जाड नळीतून तंबूत शिरते. हा हीटर सुरक्षित आहे तो केवळ या वाटणीमुळे. म्हणूनच तंबूत कोरडी ऊब येते आणि सकाळी कापडाला आतून पाणी सुटत नाही. उघड्या गॅसच्या हीटरने मात्र ते सुटतं.

काकांनी पेटीभोवती एक चक्कर मारली. “काहून बाप्पा, एवढा खटाटोप? आमी तं शेकोटीवरच जलम काढला.”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांचं जुनं घर आहे कुडाच्या भिंतींचं, वर कवेलू. हवा कुठूनही शिरते, कुठूनही निघते. शिवाय लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, झोपेतून उठवतो. आजकालचा तंबू म्हणजे वरून लेप दिलेलं कापड आणि चहूबाजूंनी चेन. त्यात कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे अर्धवट जळण्यातून निघणारा विषारी वायू, साठला तर त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने या वायूला घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, हातपाय गळतात. माणसाला वाटतं, दिवसभराचा थकवा आहे, आणि तो पडून राहतो. काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे उठवाले कोनीच नाही.”

मेहुण्याचा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. “भाऊजी, पेटी तंबूतच ठेवली अन् फक्त सायलेन्सरची नळी बाहेर काढली तर काय होते?” होतं असं, की त्या नळीचे सांधे पेटीपाशी असतात. क्लॅम्प, म्हणजे नळी आवळणारी पट्टी, थोडा ढिला पडला, नळीला चीर गेली, कुणाचा पाय अडखळला, की धूर सरळ आत. म्हणून पेटी बाहेरच. तंबूत यायची ती फक्त गरम हवेची नळी. मुक्कामाला पोचलो की पहिल्यांदा मी सांध्यांवरून हात फिरवतो, क्लॅम्प पिळून बघतो; पेटी गार असतानाच.

मग वारा. पठाराच्या कडेला दिवसा वारा दरीतून वर येतो आणि रात्र झाली की गार हवा उताराने खाली सरकते. संध्याकाळी पाचला नळीचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला आहे म्हणून निश्चिंत राहिलं, तर मध्यरात्री तोच धूर तंबूच्या दाराशी येऊ शकतो. आम्ही पेटी तंबूच्या मागच्या कोपऱ्यापासून गरम नळी पुरेल तितकी लांब ठेवली आणि सायलेन्सरचं तोंड तंबूकडे पाठ करून उताराकडे वळवलं. पंखा जिथून हवा ओढतो ते तोंड धुराच्या विरुद्ध बाजूला, नाहीतर धूरच गरम होऊन आत यायचा. गाडी मधे आडोशाला उभी केली नव्हती, कारण आडोशाला धूर कोंडतो. झोपायच्या आधी आणि रात्री एकदा उठून वारा पाहिला. तंबूची वरची जाळी आणि खालची एक फट रात्रभर उघडीच ठेवली. थोडी ऊब जाते, जाऊ द्यावी.

सायलेन्सरवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडतो, इतका तो तापतो. जानेवारीत इथे सागाची पानं गळत असतात, गवताची कुसळं वाळून कोळ झालेली असतात. काकांकडून फावडं घेऊन आम्ही पेटीखालची आणि नळीपुढची जमीन काळी माती दिसेपर्यंत खरवडली, खाली एक फरशी ठेवली आणि पाण्याची बादली शेजारी. मेळघाटात वणवा काय करतो हे ज्याने पाहिलं आहे त्याला एवढी मेहनत जास्त वाटणार नाही.

बॅटरीकडेही लक्ष हवं. चालू होताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, तापायला काही मिनिटं आठ-दहा अँपिअर ओढतो, नंतर मंद आचेवर एक-दीड अँपिअरवर भागतं. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी रात्रीला पुरून उरते. बंद करताना मात्र तार ओढायची नाही. बटण दाबलं की ज्वाळा विझते, पण पंखा आणखी काही मिनिटं फिरून आतला धातू थंड करतो. मधेच वीज तुटली तर ती उष्णता आतच कोंडते आणि पेटी खराब होते. रात्रभर मंद आचेवर चालला असेल तर सकाळी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण आचेवर चालवून मगच बंद करावा, काजळी कमी धरते. डिझेल भरायचं तेही पेटी गार झाल्यावर. कॅन तंबूत आणू नये.

आणि अलार्म. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म तंबूत नसेल तर हीटर लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याचीही चाल समजून घ्यावी. युरोपातल्या ईएन ५०२९१ या मानकाप्रमाणे ३०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३०० भाग) तो तीन मिनिटांच्या आत वाजतो. ५० पीपीएम असेल तर वाजायला तास ते दीड तास लागतो. म्हणून आकडा दाखवणारा घ्यावा, झोपताना डोक्याच्या पातळीजवळ ठेवावा आणि शून्य सोडून काहीही दिसलं की आधी सगळ्यांना बाहेर काढावं. काय बिघडलं ते नंतर शोधावं.

त्या रात्री काकूंनी तुरीच्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकरी आणि वर घरचा खवा दिला. जेवून परतताना शेजारच्या शेतातल्या तंबूंशी दिवा दिसला. कॉलेजची पोरं होती. त्यांना तंबू भाड्याने देणाऱ्याने सोबत कोळशाची शेगडी दिली होती, “झोपताना आत ठेवा” असं सांगून. निखारे लाल झाले होते, धूर दिसत नव्हता, आणि म्हणूनच ती त्यांना निर्धोक वाटत होती. दरवर्षी हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात आणि तरी हा सल्ला दिला जातो, याचा मला मनापासून राग येतो. काका पुढे झाले. “पोरं हो, हे आंगार बाहेर काढा. याले वास नसते, उठवत नाही हे.” त्यांनी शेगडी स्वतः उचलून शेताच्या बांधावर नेली, वर माती टाकली, आणि घरातून चार घोंगड्या आणून दिल्या.

सकाळी पोरं आमची पेटी बघायला आली. मी ती चालू करून दाखवली, दोन्ही नळ्या दाखवल्या, अलार्मवरचा शून्य दाखवला. त्यांना पुढे सेमाडोहला जायचं होतं. हीटर घ्यायला पैसे नाहीत, असं एकजण म्हणाला. त्याला सांगितलं, हीटर नको घेऊस, जाड स्लीपिंग बॅग घे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी ठेव. पोरं गेल्यावर पेटीचा पंखा थांबेपर्यंत वाट पाहिली, उरलेलं डिझेल कॅनमध्ये काढलं आणि खरवडलेल्या जागेवर पाणी शिंपडून फावडं काकांना परत दिलं.