देवबागात जेवायचं तर घरगुतीच

आज दुपारी मालवणजवळच्या देवबागात जेवलो, मन अजून त्या ताटातच आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. इथं मोठ्या पाटीचं हॉटेल शोधू नका. राहाल त्याच घरी सकाळी जेवण सांगून ठेवा. मासळी आली की मगच मसाल्याचं वाटण वाटलं जातं, त्यामुळे वेळ लागतो. लागू द्या!

मी सुरमई मागितली. घरच्या काकू म्हणाल्या, "सुरमय नाय गावली. बांगडो ताजो आसा, तोच खावा." आणि त्या बांगड्याचं काय तिखलं, म्हणजे तिखट-आंबट कालवण, केलं होतं! ठेचलेली तिरफळं, कोकमाचा आंबटपणा, रस्सा अगदी अंगासरशी. सोबत उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, ताज्या नारळाच्या रसाची सोलकढी. सुरमईच्या थाळीपायी लोक बांगड्याला कमी लेखतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जून-जुलैत येणार असाल तर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको, कोंबडी-वडे सांगा. आणि मासळी स्वतः बघून घ्यायची असेल तर संध्याकाळी मालवणच्या बंदरावर लिलावाला जा. आम्ही उद्या जाणार आहोत.