बाराक ऑफर संपता

मालवण. रात्र. दिवाळी आठवड्यावर आली.

भाचा आला तो मोबाईल पुढे धरूनच. 43 इंची टीव्ही आणि खाली लाल अक्षरांत उलटी पळणारी मिनिटं. "मावशी, बाराक ऑफर संपता. उद्या ह्या भावात गावाचो नाय."

तो ट्रॉलरवर खलाशी आहे. गुडघ्यांमुळे ताईचं बाहेर पडणं बंद झालंय. दिवसभर ती एकटी असते, म्हणून तिच्यासाठी मोठा टीव्ही घ्यायचा त्याने मनावर घेतलंय. पोराचं हे मला फार आवडलं. टीव्ही त्याने जरूर घ्यावा. ते बारा वाजणं मात्र मला खटकतं. आपल्या घरातली वस्तू कधी यायची, हे दुसऱ्या कोणी घड्याळ लावून का ठरवावं?

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. जाहिरातीत जे 'स्वस्त' म्हणून झळकतंय, त्यातला एक भाग हाही आहे, आणि तो काही रात्री बाराला संपत नाही. बाजारपेठेतल्या दुकानातही तोच कर लागतो. खोटी घाई लावणं हा तर गैरप्रकारच आहे. ग्राहकाला फसवून वळवणाऱ्या 13 युक्त्यांची यादी केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये काढली, त्यात पहिलाच नंबर 'खोट्या घाई'चा. कुठली घाई खरी आणि कुठली खोटी, हे मोबाईलकडे बघून पोराला कसं कळणार?

मग हप्त्याचं. 'नो कॉस्ट' म्हणजे व्याज नाही, असं तो धरून चाललेला. बँक व्याज घेतेच. विकणारा तेवढी रक्कम सूट म्हणून किमतीतून वजा करून दाखवतो. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याच बिलात येतो, बऱ्याचदा प्रोसेसिंग फीसुद्धा. रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट हातची जाते, ती वेगळीच.

आणि हप्ते बारा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. ट्रॉलर किनाऱ्याला, खलाशाच्या हातात वाटा नाही. बरेच जण नारळी पौर्णिमेशिवाय समुद्रात जातच नाहीत. हप्त्याला पावसाळा कळत नाही. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. जुलैत समोर येणारे चेहरे मला पाठ आहेत. चांगली कष्टाळू माणसं असतात, पण दंड किती लागला हे विचारताना आवाज खाली गेलेला असतो. त्या रांगेत मला माझा भाचा नको.

आमच्याकडे खरेदीचा खरा हंगाम वैशाख. आंबा-काजूचे पैसे हातात आलेले, पाऊस तोंडावर, आणि घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची धांदल. उकडे तांदूळ, कुळीथ, मसाल्याच्या मिरच्या, सोलां, कांद्याच्या माळा, गोलमो, सुके बांगडे. आई बाजारात बांगडा एकेक उचलून शेपटीकडून वाकवून बघायची. नुसता वाकला तर परत टोपलीत, कडकन मोडला तरच आमच्या पिशवीत. ओल राहिलेला बांगडा श्रावणापर्यंत टिकत नाही. विकणारी कितीही कुरकुरली तरी तिचं बघून झाल्याशिवाय पैसे सुटत नसत. मग बरण्या भरल्या, कणगी भरली, की खरेदी संपली. पुरे म्हणायची एक जागा होती. मोबाईलच्या खरेदीत ती मला कुठे सापडत नाही. टीव्ही घेतला की खाली लगेच साऊंडबार, त्याखाली भिंतीचं स्टँड, त्याखाली 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं'.

तेव्हा पैसा बेताचा होता, हेही खरं. मिक्सर घरात येईपर्यंत आईचे हात पाट्यावर झिजले. वस्तू येऊच नयेत, असं मी कधी म्हणणार नाही. पण चतुर्थीचा खर्च जेमतेम निस्तरतोय तोच दसऱ्याचा सेल, मग दिवाळीचा. आता नोव्हेंबरअखेर 'ब्लॅक फ्रायडे'सुद्धा. तो अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी येतो. तेव्हा इथे भातकापणी आटोपून जत्रा लागलेल्या असतात. त्या शुक्रवाराचा आणि आमचा संबंध काय?

आमच्या वाडीत खोके रोज उतरतात. शेजारच्या पडवीत गेल्या वर्षीच्या सेलमधला एअर फ्रायर अजून पट्टी न काढता पडलाय. थर्माकोलचे तुकडे माडांच्या अळ्यात, तिथून वहाळात, आणि पुढे समुद्रात. जाळ्यात मासळीबरोबर तेच वर येतं, हे भाच्यानेच मला सांगितलेलं.

आणखी एक, जे किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच कळतं. इथली खारी हवा टीव्हीचं सर्किट खाते, आणि गंज वॉरंटीत बऱ्याचदा बसत नाही. ऑनलाइन घेतलेल्याला माणूस कुडाळहून, नाहीतर कोल्हापूरहून यायचा. पेठेतला दुकानदार स्वतः येऊन मागचं झाकण उघडून बघतो. हे कुठल्याच स्क्रीनवर लिहिलेलं नसतं.

हे सगळं त्याला सांगितलं. तो गप्प ऐकत होता. रागावला असेल असं वाटलं, पण निघताना म्हणाला, "मगे दुकानात तू येशीत माझ्यावांगडा?" बारा वाजून गेलेत आणि त्याने ऑर्डर दिलेली नाही.

उद्या अकराला पतसंस्थेतून तासभर सुट्टी घेतलीय. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. रोखीने अर्धे दिले तर किती सोडशील, आणि उरलेल्याचे हप्ते मे महिन्याच्या आत बसवशील काय. ताईला सोबत न्यायचं आहे. रिक्षा दुकानाच्या पायरीपर्यंत जाते. टीव्ही ती बघणार, तर पसंतही तिनेच करावा.