रस्त्यावरचा पडदा

गणपतीला पंधरा दिवस उरले की आमच्या पेठेतल्या मारुतीच्या देवळात मंडळाची बैठक बसायची. वर्गणी, मांडव, विसर्जनाचं लेझीम हे सगळं अर्ध्या तासात आटपायचं. मग निघायचा पिक्चरचा विषय, आणि तो मिटेपर्यंत मध्यरात्र व्हायची. १९८० च्या आसपासची ही गोष्ट. शिल्लक पैशांत तीन पिक्चर बसायचे, फार तर चार.

आम्हा पोरांना दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ हवा असायचा. बायकांच्या वतीने कोणीतरी ‘श्यामची आई’ सुचवायचं. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला पिक्चर, त्याला नाही कोण म्हणणार? गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी तो ठरलेला. आणि खजिनदार तात्यांचा हट्ट एकच: ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा एक झाल्याशिवाय पावतीपुस्तक मिटायचं नाही.

तात्यांमुळे ‘संत तुकाराम’ आला. १९३६ सालचा, आमच्या वडलांच्याही लहानपणीचा. शेवटी गरुडाच्या विमानातून तुकोबा वैकुंठाला निघाले, तशा पुढे पोत्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. माझी आजी तर उठून उभीच राहिली. मागच्यांपैकी एकानेही “बसा खाली” म्हटलं नाही.

‘शेजारी’च्या वर्षी मात्र आम्ही पोरं रुसलो होतो. काळापांढरा, त्यात दोन म्हातारे बुद्धिबळ खेळताहेत, कुणाला बघायचंय? पण जिवबा आणि मिर्झाची फाटाफूट झाली तेव्हा चुळबूळ थांबली, आणि धरण फुटलं तेव्हा अख्खा रस्ता चिडीचूप. नुसती प्रोजेक्टरची खरखर. आमच्यावर सोपवलं असतं तर १९४१ चा तो पिक्चर जन्मात पाहिला नसता. तात्यांचं हे ऋण मी आजही मानतो.

दुपारपासूनच चटया आणि पोती टाकून जागा धरलेल्या असायच्या. आरती झाली की दोन खांबांना पांढरा पडदा ताणायचा, कर्णा बांधायचा. प्रोजेक्टर सोळा एमएमचा आणि एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे. तेवढ्यात खिरापत वाटून व्हायची. ऑपरेटर पत्र्याच्या गोल डब्यातून पुढचं रीळ काढून चढवायचा, आणि आम्ही पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी. कधी फिल्म अडकायची. मग दिव्याच्या उष्णतेने नायिकेच्या गालावर तपकिरी फोड यायचा, पसरायचा, आणि पडदा पांढराफटक. ऑपरेटर शांतपणे जळकी पट्टी कात्रीने कापायचा, चिकटपट्टी लावायचा. भाद्रपदातला पाऊस आला तर ताडपत्री आधी प्रोजेक्टरवर, मग माणसांवर.

‘पिंजरा’च्या रात्री इतकी गर्दी लोटली की पुढे पाय ठेवायला जागा नाही. आम्ही सरळ पडद्यामागे जाऊन बसलो. पातळ कापड, मागूनही सगळं दिसायचं. फक्त नावांची अक्षरं उलटी. मास्तरांची ती धूळधाण पाहून घरी जाताना आम्ही कोणीच बोललो नाही.

पुढे खूप वर्षांनी तो टीव्हीवर लागला. सगळं तेच, तरी मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. माणसं भलत्याच बाजूने येत होती. मग आठवलं, माझा ‘पिंजरा’ पडद्यामागचा.