कोपऱ्यावरची मेंदी

ती पोरगी मला दिसली तेव्हा तिच्या सायकलचं हँडल माझ्या स्कूटरपासून दोन हातांवर होतं. मी दोन्ही ब्रेक दाबले. तिनंही दाबले, पण पाऊस पडून गेलेला, सायकलची रबरं ओली. ती घसरली आणि डाव्या कुशीवर पडली. दप्तर एकीकडं, पाण्याची बाटली घरंगळत गटारीच्या कडेला. गुडघा खरचटला, तळहाताची साल निघाली. एवढ्यावरच निभावलं.

उचलायला गेलो तर तीच मला म्हणते, "सॉरी आजोबा, दिसलाच नाही की ओ तुम्ही."

मलाही ती दिसली नव्हती. आणि का दिसली नव्हती, ते माझ्या शेजारीच उभं होतं. माझ्याच घराच्या कोपऱ्यावरचं सहा फुटी मेंदीचं कुंपण.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागला. वीस-वीस फुटांच्या दोन गल्ल्या एकमेकींना छेदतात, त्या कोपऱ्यावरचा प्लॉट. त्या चौकाला नाव नाही, सिग्नल नाही, रस्त्यावर पट्टा नाही. पण शंभर फुटी रस्त्याकडं जायला जवळचा म्हणून सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी क्लास सुटताना तिथून गाड्यांची रांग लागते.

एकतीस वर्षं मी एसटीत ड्रायव्हर होतो. रत्नागिरी गाडीवर आंबा घाट किती वेळा उतरलो-चढलो याचा हिशेब नाही. धुक्यात, पावसात, गणपतीच्या गर्दीत. विना अपघात सेवेचा बिल्ला कपाटात आहे. आणि रिटायर झाल्यावर, स्वतःच्या दारात, ताशी वीसच्याही आत वेग असताना, एक लेकरू माझ्या गाडीसमोर पडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे चारला उठून मी बाहेर गेलो आणि त्या चौकात उभा राहिलो.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. एसटीच्या सीटवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साडेसहा-सात फुटांवर असतो. त्या उंचीवरून मला आयुष्यभर सगळ्यांच्या कुंपणांच्या पलीकडचं दिसत आलं. परसातलं वाळत घातलेलं धुणं दिसायचं, भिंतीमागून येणारी सायकल दिसायची, गुडघ्याएवढं पोर दिसायचं. त्यामुळं कोपऱ्यावरच्या भिंतीत धोका असतो हे मला कधी जाणवलंच नाही. मी घर बांधलं, हिनं मेंदी लावली, ती वाढत गेली, आणि मी डेपोला जाताना रोज तिच्याकडं कौतुकानं बघत गेलो. आता स्कूटरवर बसतो तर डोळा साडेचार फुटांवर. कारमध्ये तर त्याहून खाली.

माझी सून सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. आर्किटेक्टकडं ड्रॉइंग काढायचं काम करते. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, अंदाजानं नको, मोजूया." रविवारी सकाळी सात वाजता आम्ही टेप, खडू आणि एक बांबू घेऊन बाहेर पडलो. मुलाला त्याच्या गाडीत बसवलं. त्याचा डोळा भरला १.२ मीटर, चार फुटांपेक्षा बोटभर कमी. सून म्हणाली, रस्त्याचे इंजिनियरही ड्रायव्हरचा डोळा एवढ्याच उंचीवर धरतात. बांबूला तेवढ्या उंचीवर लाल फडकं बांधलं. हा बांबू म्हणजे कारमधला माणूस.

मग मी तो बांबू घेऊन आडव्या गल्लीत उजवीकडं चालत गेलो आणि मुलानं कारमधून बघायचं. फडकं कुंपणाआड गेलं की त्यानं हॉर्न वाजवायचा. गाडी चौकाच्या अलीकडं, ड्रायव्हर कोपऱ्यापासून तीन मीटर मागं. हॉर्न वाजला तेव्हा मी त्याच्यापासून जेमतेम वीस फुटांवर होतो. सुनेनं तिथं खडूनं फुली मारली.

वीस फूट म्हणजे सहा मीटर. ताशी ३० नं येणारी मोटारसायकल एका सेकंदात आठ मीटरहून जास्त पुढं येते. म्हणजे ती दिसायला लागल्यापासून समोर येईपर्यंत पुरा सेकंदही हातात नाही. रस्त्यांची मापं ठरवून देणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात गाडी थांबवायला ताशी २० च्या वेगाला २० मीटर धरतात, ३० ला ३० आणि ४० ला ४५. त्यात ड्रायव्हरला दिसून, समजून, पाय ब्रेकवर जायला अडीच सेकंद दिलेले असतात. आमच्या चौकात मिळत होते सहा मीटर.

दुसरं माप मला जास्त लागलं. मुलाच्या गाडीचा बंपर आणि त्याचा डोळा यांच्यात साडेसहा फुटांचं अंतर निघालं. म्हणजे त्याला आडव्या गल्लीत नीट बघायचं तर आधी साडेसहा फूट बोनेट त्या गल्लीत काढायचं. वीस फुटी रस्त्याचा तिसरा हिस्सा अडवायचा आणि मग बघायचं, कोण येतंय का. चूक त्याची नाही. त्या कोपऱ्यानं त्याला दुसरा मार्गच ठेवला नव्हता. त्यात कारच्या काचेशेजारचा तो जाड खांब. त्याच्याआड एक अख्खी सायकल बसते. दोघंही एका गतीनं चौकाकडं येत असतील तर ती सायकल शेवटपर्यंत त्या खांबाआडच राहते. म्हणून घाटात आम्ही वळणावर सीटवरच पुढं-मागं झुकून बघायचो. नव्या ड्रायव्हरना मी हे पहिल्या दिवशी सांगायचो: मान हलवू नकोस, कंबर हलव.

संध्याकाळी सुनेनं लॅपटॉपवर नियम काढून दाखवला. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, जी २०२० साली आली, लिहिलंय की कोपऱ्यावरच्या प्लॉटची कंपाउंड भिंत कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत ०.७५ मीटरच्या वर घ्यायची नाही. त्याच्यावर पाहिजेच असेल तर आरपार दिसेल अशी जाळी. ०.७५ मीटर म्हणजे अडीच फूट. मी उठून टेप घेऊन बाहेर गेलो. आमची दगडी भिंत अडीच फूटच निघाली. १९९१ साली गवंड्यानं बांधली तेव्हा त्याला हा नियम ठाऊक होता की दगड कमी पडले, माहीत नाही. भिंत बरोबरच होती. वरचे साडेतीन फूट आमचे.

आता हिला सांगायचं होतं. तीस वर्षांची मेंदी. नागपंचमीच्या आधी गल्लीतल्या सगळ्या पोरी पाटी घेऊन पानं न्यायला येतात, ही स्वतः त्यांना तोडून देते, वाटताना त्यात कात किती घालायचा तेही सांगते. मी दोन दिवस बोललोच नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं तर म्हणाली, "अहो, येणारी-जाणारी माणसं अंगणात बघतात म्हणून तर लावली होती." बरोबर होतं तिचं. मग मी तिला सायकलवरच्या पोरीचं नाव सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. "ती तर दरवर्षी येते पानं न्यायला," एवढंच म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुण्याची दोरी तिनं अंगणातून सोडून मागच्या बाजूला बांधलेली होती.

कोपऱ्यापासून दोन्हीकडं तेहेतीस-तेहेतीस फूट मेंदी आम्ही भिंतीच्या पातळीला आणली. पुढची होती तशी सहा फूट ठेवली. तुटलेल्या फांद्या हातगाडीच्या तीन खेपा भरल्या. मेंदी चिवट, खालच्या जाड बुंध्यांना करवत लावावी लागली, हाताला तिचा वास दोन दिवस होता. पुन्हा बांबू, पुन्हा हॉर्न. या वेळी फडकं दिसेनासं झालं तेव्हा मी सत्तर फुटांवर होतो.

चौकाला चार कोपरे असतात. आमचा एक झाला.

समोरच्या कोपऱ्यावर एक टेम्पो उभा असायचा. मालक पहाटे भाजी भरायला जातो, दुपारी येतो आणि गाडी अगदी वळणावर लावतो, कारण तिथं कुणाचं गेट नाही. चौकाजवळ गाडी लावायची नाही, हा नियम १९८९ च्या रस्ता नियमावलीपासून आहे, पण नियम दाखवायला गेलो असतो तर भांडण झालं असतं. मी त्याला चहाला बोलावलं आणि स्कूटरवर बसवून आमच्या बाजूनं चौकात आणलं. आपलाच टेम्पो आपल्यालाच आडवा येतो हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. "पण मग लावू कुठं, ते सांगा," तो म्हणाला. रास्त प्रश्न होता. गल्लीत जिथं लावेल तिथं कुणाचं तरी दार. शेवटी आमच्या उंच मेंदीच्या कडेची जागा त्याला दिली, कोपऱ्यापासून चाळीस फुटांवर. तिथं मी स्कूटर लावत होतो, ती आता आत घेतो. अधूनमधून घाईत तो पुन्हा कोपऱ्यावर लावतो. मी हाक मारली की काढतो.

उजवीकडच्या कोपऱ्यावर माझा सगळ्यात जास्त डोळा होता, आणि त्याचं कारण आहे. सिग्नल नसलेल्या, सारख्याच मोठेपणाच्या रस्त्यांच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असा नियम आहे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून उजवीकडून येणारी गाडी आपल्या अगदी नाकासमोरून जाते, डावीकडून येणारी रस्त्याच्या पलीकडच्या अंगानं. उजवीकडच्याला दिसण्यापासून धडकेपर्यंत अंतर सगळ्यात कमी. त्या कोपऱ्यावर लाईटचा खांब, आणि खांबाला वाढदिवसांचे फ्लेक्स. चार फुटांपासून सात फुटांपर्यंत, बरोबर डोळ्यासमोर. मंडळाच्या पोरांशी बोललो. फ्लेक्स लावू नका म्हटलं असतं तर ऐकलं नसतं, आणि त्यांची हौस मला समजते. नऊ फुटांच्या वर बांधा, एवढंच मागितलं. दुसऱ्या दिवशी शिडी आणून त्यांनी वर बांधला. त्यातल्या एकाची धाकटी बहीण त्याच क्लासला जाते.

तिथल्या गुलमोहराची एक फांदी खाली आली होती. झाडाला आपण हात लावायचा नाही, त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज दिला, माणसं येऊन छाटून गेली.

चौथ्या कोपऱ्याचं घर बंद असतं, मालक पुण्याला. भिंत पाच फुटी, विटांची, जुनी. तिथं काही करता येत नव्हतं, म्हणून वर्गणी काढून फक्त तिथं बहिर्गोल आरसा बसवला. गल्लीतल्या काहींचं म्हणणं होतं की सुरुवातीलाच आरसा लावायचा, एवढी उठाठेव कशाला. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. अशा आरशात गाडी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते, बाजू उलटी दिसते, थंडीत सकाळी त्याच्यावर दव धरतं आणि उन्हाळ्यात धूळ. ज्याला उघड्या डोळ्यांनी दिसू शकतं त्याला आरशात बघायला लावू नये. जिथं दुसरा इलाजच नाही तिथंच तो. मी दर दोन दिवसांनी जुन्या वर्तमानपत्रानं पुसतो.

एक गोष्ट मी आधी धरली नव्हती. कोपरा मोकळा झाल्यावर पहिल्या आठवड्यात पोरं मोटारसायकली जास्तच जोरात काढायला लागली. लांबचं दिसायला लागलं की हात आपोआप पिळला जातो, हे मी घाटातही बघितलंय. सत्तर फूट म्हणजे एकवीस मीटर, ते ताशी वीसच्या वेगाला पुरतात, चाळीसला नाही. म्हणून गतिरोधकासाठी अर्ज केलाय. त्यात सुनेनं माप घालून दिलं: १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर. लोक रातोरात विटा-सिमेंटचा उभा टेकाड करतात तसा नको. त्यानं म्हाताऱ्या माणसांची कंबर जाते आणि रिक्षातली गरोदर बाई बसल्या जागी आदळते.

आणि आणखी एक. बॅटरीवरच्या स्कूटर वाढल्यात, त्यांचा आवाज नसतो. पूर्वी कोपऱ्यापलीकडून इंजिन ऐकू यायचं, आम्ही ड्रायव्हर लोक कानानंही गाडी चालवायचो. रात्री लाईटचा उजेड भिंतीवर पडला की कळायचं. दिवसा आता डोळ्याशिवाय काही नाही.

ती पोरगी परवा नागपंचमीची पानं न्यायला आली होती. गुडघ्यावरचा डाग पांढरा पडलाय. हिनं उंच मेंदीची पाटीभर पानं तोडून दिली आणि कोपऱ्यावरची मात्र तोडू दिली नाही, म्हणाली, ती यांची.

श्रावणात मेंदी फार जोरात वाढते. लाल फडक्याचा बांबू मी दारामागं ठेवलाय, आणि त्याच्यावर अडीच फुटांवर खिळ्यानं एक खूण केलीय. रविवारी सकाळी चहा झाला की तो भिंतीला लावून बघतो. या रविवारी चार बोटं वर आली होती. कापली.