कुंडी ओली, मुळं कोरडी

दुपारी सव्वाबाराला निरोप आला की आमच्या रोपवाटिकेत तिसऱ्या बेंचवरच्या शेवंतीनं माना टाकल्या. आदल्या दिवशीच 2400 मुळं फुटलेली छाटकलमं प्लग ट्रेमधून, म्हणजे लहान कप्प्यांच्या ट्रेमधून, काढून 9 सेंमीच्या कुंड्यांत लावली होती, एकेका बेंचवर 800. पहिल्या दोन बेंचांवरची रोपं ताठ उभी होती. तिसऱ्यावरची बहुतेक सगळी शेंड्यापासून लुळी पडलेली, खालची पानं कुंडीच्या काठावर टेकलेली. मावशी नळी ओढून तयारच होत्या. "ताई, सकाळपासून दोनदा दिलंय पाणी, तरी ही अशीच. अजून एकदा देऊ का?"

नळी आधी बंद करायला लावली. रोप सुकलं की पाणी, ही सवय हाताला इतकी बसलेली असते की कुंडी उचलून बघायचं राहूनच जातं. उचलली तर जड. काट्यावर 340 ग्रॅम भरली. आमच्या मिश्रणाची एवढी कुंडी वाफशावर असते, म्हणजे जादा पाणी निथळून गेलेलं असतं, तेव्हा 290 ते 300 भरते, आणि पाणी द्यायची वेळ आली की 230 पर्यंत उतरते. म्हणजे कुंडीत पाणी हवं त्याहून जास्त होतं आणि रोप मात्र तहानेनं मान टाकत होतं.

असं दिसलं की तीन गोष्टींवर संशय घ्यायचा. मिश्रणात क्षार जास्त झालेत, मुळं कुजलीत, नाहीतर पाणी मुळांपर्यंत पोचतच नाहीये. क्षारांच्या तपासणीला वेळ लागतो म्हणून ती आधी लावून दिली: पाच-सहा कुंड्यांमधलं मिश्रण एकत्र करून त्याचा एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर दोन भाग, दोन्ही मापानं, ढवळून अर्धा तास ठेवायचं आणि मग क्षार मोजणारा ईसी मीटर बुडवायचा. या पद्धतीत 0.75 mS/cm पर्यंतचा आकडा कोवळ्या रोपांना चालतो, 1.75 च्या पुढे वाढ खुंटायला लागते. आकडा 0.6 आला. पानांच्या कडाही करपलेल्या नव्हत्या. क्षारांचा संशय तिथंच संपला.

तोवर कुंड्या उलट्या करायला घेतल्या होत्या. दोन बोटांच्या बेचक्यात खोड धरायचं, तळहात मातीवर टेकवायचा, कुंडी पालथी करून काठ बेंचच्या कडेवर हलकेच आपटायचा, की सगळं साच्यातून निघाल्यासारखं हातात येतं. बाहेरून माती काळीभोर, बोटांना चिकटणारी. सुरीनं मधोमध चिरलं आणि सगळं उघडं पडलं. काळ्या मातीच्या मधोमध शंकूच्या आकाराचा फिकट तपकिरी प्लग, म्हणजे ट्रेच्या कप्प्यातून मुळांसकट आलेला गोळा, भाजलेल्या कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा. चिमटीत धरला तर भुगा झाला. पाण्याचा टिपूस नाही. त्याच्या कडेनं पांढरी मुळं होती, काहींची टोकं पिवळट पडायला लागलेली. त्या टोकांपासून चिखल जेमतेम दोन मिलिमीटरवर होता.

लागवडीनंतरचे तीन-चार दिवस रोपाची सगळी मुळं प्लगमध्येच असतात. आमच्या ट्रेचा एक कप्पा 20 ते 25 मिलीचा, त्यामुळे रोपासाठी पाण्याचा साठा तेवढाच. बाहेरच्या 300 मिली मातीत कितीही पाणी असलं तरी मुळं तिथं गेल्याशिवाय ते त्याच्या उपयोगाचं नाही. शिवाय मिस्ट चेंबरमध्ये, म्हणजे कलमांना मुळं फुटेपर्यंत ठेवायच्या दमट खोलीत, फुटलेली मुळं ठिसूळ असतात आणि त्यांना केसमुळं कमी असतात, त्यामुळे लांबून पाणी ओढून घ्यायची ताकद त्यांच्यात नसते.

मग बाहेरचं पाणी आत का गेलं नाही? याला दोन कारणं मिळाली, आणि दोन्ही एकाच बेंचच्या नशिबी आली.

पहिलं पीट मॉसचं. आमचे प्लग पीट मॉसचे, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या भुशाचे असतात. ते ओलं असेपर्यंत पाणी छान धरतं, पण एकदा फार वाळलं की पाणी झटकायला लागतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वाळलं तरी पुन्हा बऱ्यापैकी भिजतं, पीट मॉस भिजत नाही. वर पाणी ओतलं की ते प्लगला वळसा घालून बाजूच्या मातीत उतरतं. चौकशी केली तेव्हा कळलं की पहिल्या दोन बेंचांचे ट्रे लावायच्या आधी पाण्यात बुडवून घेतले होते. तिसऱ्याचे ट्रे सकाळीच मिस्टमधून बाहेर काढून दाराशी मांडून ठेवले होते, आणि त्यांची पाळी दुपारी तीनला आली. तोवर ते वाऱ्याच्या झोतात होते. लावण्याआधी भिजवायचं कुणाला सुचलं नाही, कारण वरून ते सुकलेले दिसत नव्हते. रोपंही तेव्हा ताठच होती.

दुसरं कारण मिश्रणाचं. ठरलेलं प्रमाण असं: कोकोपीट दोन भाग, चाळलेली माती एक भाग, मुरलेलं कंपोस्ट एक भाग, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) एक भाग. तिसऱ्या ढिगाला परलाइट संपलं आणि कोकोपीटही कमी पडलं, म्हणून बारीक चाळणीची माती घालून ढीग पुरा केला. अशा बारीक मातीशेजारी भरड, भुसभुशीत प्लग बसवला की माती त्याच्यातलं पाणी ओढून घेते. स्पंजाला टिपकागद टेकवून बघा, कागद भिजतो आणि स्पंज हलका होतो. उलट दिशेनं पाणी सहसा जात नाही. प्लगमध्ये थोडीफार ओल उरली असेलच, तर तीही रात्रीतून मातीनं घेतली.

त्यात भर म्हणजे बऱ्याच कुंड्यांत प्लगचं डोकं मातीच्या वर अर्धा सेंमी उघडं राहिलं होतं. उघडा प्लग वातीसारखा वागतो, खालची ओल वर खेचून हवेत घालवतो. याच्यावर उपाय म्हणून काही जण प्लग खोल पुरतात, तेही वाईट. खोडाचा हिरवा भाग ओल्या मातीत गेला की बुडाशी कूज लागते. प्लगवर 3 ते 5 मिलिमीटर मातीचं पांघरूण पुरे.

आता आणखी पाणी ओतलं असतं तर आधीच चिखल झालेल्या मातीतली उरलीसुरली हवाही गेली असती. पाणी फक्त प्लगमध्ये घालायचं होतं. कुणीतरी सुचवलं की कुंड्या पाण्याच्या परातीत बसवू, खालून चढेल. एरवी ठीक, पण इथं माती ओलीच होती आणि पाणी नाकारत होता तो प्लग. खालून आलेलं पाणीही त्याच्या वेशीवरच थांबलं असतं. भांड्याचा साबण चार थेंब टाकू, असंही एक मत आलं. ते मी ऐकलं नाही. त्या साबणात काय काय असतं आणि कोवळी मुळं त्यातलं काय सोसतील, याचा भरवसा नाही. रोपवाटिकेसाठीचं वेटिंग एजंट, म्हणजे कोरड्या मिश्रणात पाणी शिरायला मदत करणारं द्रावण, शेडमध्ये होतं, ते लेबलवरच्या मात्रेनं कोमट पाण्यात मिसळलं.

विणकामाच्या सुईएवढ्या जाडीच्या काडीनं प्रत्येक प्लगला खोडापासून जरा दूर दोन भोकं पाडली. एखादं मूळ तुटतं, तुटू दे. मग बारीक तोंडाच्या बाटलीनं खोडाच्या बुडाशी 20 मिली पाणी, सावकाश. चार जणांनी बेंच वाटून घेतला. एक फेरी पुरी होईपर्यंत पहिल्या कुंड्यांमधलं पाणी मुरायचं. अशा तीन फेऱ्या केल्या. एकाच वेळी 60 मिली ओतलं असतं तर परत बाजूनं निघून गेलं असतं. पहिल्या फेरीत पाणी प्लगवर मण्यांसारखं थांबलेलं दिसत होतं, तिसऱ्या फेरीत ओतल्याबरोबर आत जायला लागलं.

दरम्यान पानांची मागणीही कमी करायला हवी होती. बेंचवर 50 टक्क्यांची शेडनेट ओढली, पंखे मंद केले आणि धुकं सोडणारा फॉगर दर बारा मिनिटांनी दहा सेकंद असा लावला. पानांवर पाणी साचून गळेपर्यंत फॉगर चालवायचा नाही, हवा दमट राहिली की झालं. साडेपाचला तो बंद केला, म्हणजे रात्रीपूर्वी पानं कोरडी होतात.

हे चालू असताना कोपऱ्यातल्या काही कुंड्या वेगळ्या वाटल्या. त्याही जड, त्यांचीही मान पडलेली, पण चिरल्यावर प्लग ओला निघाला आणि वास आला, साचलेल्या पाण्याचा असतो तसा. मूळ दोन नखांत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली. मुळं कुजवणाऱ्या पिथियमची ही ओळख. वर बघितलं तर फॉगरचा एक नोझल थेंब थेंब गळत होता, बरोबर त्याच कोपऱ्यावर. बेंच एक, दुखणी दोन, आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. सगळ्यांना तेच औषध दिलं असतं तर या कुंड्यांतून वाहणारं पाणी शेजारच्यांनाही बाधलं असतं. अशा 62 कुंड्या माती-रोपासकट पिशवीत भरून बाहेर काढल्या. रिकाम्या कुंड्या आधी घासून धुतल्या, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवल्या. घासल्याशिवाय ब्लीचमध्ये टाकण्यात अर्थ नाही, कारण चिकटलेली माती ब्लीच खाऊन टाकते. नोझल बदलला.

ट्रेमध्ये अजून 300 कलमं शिल्लक होती. ती संध्याकाळी लावली, ऊन उतरल्यावर.

लावायला तयार कलम ओळखायची खूण म्हणजे प्लग अखंड निघतो आणि निदान तीन बाजूंनी पांढरी मुळं बाहेर दिसतात. त्याआधी काढलं की प्लग हातात फुटतो. फार उशीर केला की मुळं कप्प्याच्या तळाशी गोल फिरायला लागतात आणि पुढे मातीत गेल्यावरही फिरतच राहतात. खोड धरून उपटायचं नाही, खालच्या भोकातून बोथट काडीनं वर ढकलायचं. आधी ट्रे पाण्यात बसवून ठेवला, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. बुडबुडे येतायत तोवर आत कोरड आहे.

मिश्रणाची ओल मुठीत बघायची. घट्ट दाबलं की बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब यावेत, धार नको, आणि मूठ उघडून टोचलं की गोळा फुटावा. कुंडी काठोकाठ भरून एकदाच आपटली, अंगठ्यानं दाबली नाही. दाबल्यानं मातीतली हवेची जागा जाते आणि हेच सर्वांत जास्त वेळा चुकतं, कारण दाबलेलं रोप हाताला पक्कं वाटतं. प्लगच्या आकाराच्या खुंटीनं भोक पाडलं, रोप ठेवलं, वर चिमूटभर मिश्रण, आणि वीस मिनिटांच्या आत झारीनं पाणी, खालून ठिबकेपर्यंत. ओल्या मिश्रणात त्याला 60 ते 80 मिली लागतं. ते पाणीच माती आणि प्लग एकमेकांना चिकटवतं.

तळाशी खडे घालू का, असं एका नव्या मुलानं विचारलं. सगळे विचारतात. भोक असलं तरी कुंडीच्या तळाशी पाण्यानं भरलेला एक थर अडकून राहतोच, आणि त्याची जाडी मिश्रण किती बारीक आहे यावर ठरते, कुंडी किती उंच आहे यावर नाही. म्हणूनच लहान कुंडीला बारीक माती सोसत नाही. 8 सेंमी उंचीत 3 सेंमीचा थर कायम चिंब राहिला तर मुळांना उरतं काय? खडे घातले की तो थर खाली जात नाही, खड्यांच्या वर चढून बसतो, मुळांच्या आणखी जवळ.

खत पहिला आठवडा नाही. त्यानंतर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, नवी पानं उघडायला लागली की एक ग्रॅम.

या सगळ्या गडबडीत रात्रीचे दिवे विसरायची पाळी आली होती. शेवंती लहान दिवसांत कळीवर जाते, म्हणून वाढीच्या काळात रात्री दहा ते दोन दिवे लावून आम्ही तिची रात्र मधोमध तोडतो. तिसऱ्या बेंचचा टायमर दुपारी शेडनेट ओढताना कुणाच्या तरी कोपरानं बंद झाला होता. निघताना सवयीनं हात लावला म्हणून कळलं.

चार वाजता दोनतृतीयांश रोपं उठली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मोजली: 738 पैकी 697 ताठ. उरलेल्या 41 मधली काही चिरून बघितली. प्लग आता ओला होता, पण मुळांची टोकं तपकिरी होऊन गेली होती. ती सगळी काढून टाकली. मावशींनी सहा कुंड्यांत काड्या खोचून ठेवल्या, रोज त्याच उलट्या करून बघायला. पाचव्या दिवशी पहिल्या कुंडीत प्लगच्या कडेतून बारीक पांढरी टोकं मातीत शिरलेली दिसली, उरलेल्या पाचांत सातव्या-आठव्या दिवशी. फांद्या फुटाव्यात म्हणून पहिल्या दोन बेंचांचा शेंडा ठरल्याप्रमाणे बाराव्या दिवशी खुडला, तिसऱ्याचा सोळाव्या.