पांढरी तार

वडोदऱ्यात जुन्या घरांचे वायरिंग बदलण्याचे काम मी बावीस वर्षे करीत आहे. गेल्या श्रावणात दांडिया बाजारातील एका वाड्याचे काम संपले आणि उतरवलेल्या तारेच्या गोण्या ओसरीवर येऊन पडल्या. बहुतेक ठिकाणी ही तार कंत्राटदारच उचलतो आणि बिलातून काहीतरी ठोक रक्कम वजा करतो. त्यात घरमालकाचे नुकसान असते, हे मी स्वतः कंत्राटदार असूनही सांगतो. वाड्याच्या मालकीणबाई, ज्यांना सारी आळी काकू म्हणते, हिशेबाला पक्क्या. "तार माझी आहे, तेव्हा भंगारवाल्याकडे मीही येणार," असे त्यांनी बजावले.

आदल्या संध्याकाळी मी तार निवडून वेगळी केली. पीव्हीसी आवरणाची दीड चौरस मिलिमीटरची तार 22 किलो भरली. लाकडी बॅटनवरची, रबर आणि त्यावर सुती वेणी असलेली जुनी 'तीन-बावीस', म्हणजे बावीस गेजच्या तीन तारांची, 9 किलो होती. मीटरकडून आत आलेल्या जाड तारेचा गठ्ठा निराळा ठेवला. वजन कोणीही करील. त्या वजनात तांबे किती, यावर भाव ठरतो, आणि त्यालाच आमच्या धंद्यात रिकव्हरी म्हणतात. मी पीव्हीसीच्या गठ्ठ्यातून पाच निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे कापून 100 ग्रॅमचा नमुना घेतला, पात्याने सोलला आणि नुसती तार काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. 64 ग्रॅम. पडताळा म्हणून एक मीटर तारही मोजून तोलली, ती 21 ग्रॅम भरली. एक चौरस मिलिमीटरच्या मीटरभर तारेत सुमारे 9 ग्रॅम तांबे असते, म्हणजे दीडच्या तारेत साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, हिशेब जुळला. रबराच्या तारेतून 56 ग्रॅम निघाले. जाड तारेचा नमुना मी घेतला नाही, कारण मीटरची तार म्हणजे तांबेच, अशी माझी खात्री होती.

सकाळी एमसीएक्स या वायदेबाजारातला तांब्याचा भाव पाहून आम्ही निघालो. भंगाराचा भाव त्याच्या खालीच असतो, पण सौदा कुठून सुरू व्हावा हे त्यावरून कळते. दुकानदाराने गोणीत हात घातला, दोन तुकडे वाकवून पाहिले आणि म्हणाला, "बधुं एक ज भावे आपी दो," म्हणजे सगळे एकाच भावाने द्या. सगळ्यात निम्मे तांबे धरून तो भाव सांगत होता. पीव्हीसीच्या गठ्ठ्यात त्याच्या मते 11 किलो तांबे, माझ्या नमुन्याप्रमाणे 14 किलोहून थोडे अधिक. फरक तीन किलोंचा. मी त्याच्यासमोर, त्याच्याच काट्यावर पुन्हा नमुना काढून दाखवला. दुकानातला पोरगा मध्येच म्हणाला की जाळून आणा, भाव वाढेल. पीव्हीसी जाळले की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू आणि डायऑक्सिन बाहेर पडतात, शिवाय तांबे काळवंडून त्याचा दर्जा उतरतो, म्हणजे भाव वाढण्याऐवजी पडतो. हे मी पोराला ऐकवले आणि मालक गप्प राहिला.

मग त्याने रबराच्या तारेचे टोक सोलले. आतून पांढरी तार निघाली. "आ तो एल्युमिनियम छे, साहेब," असे म्हणून त्याने ती गोणी बाजूला सारली. मी पिशवीतून कानस काढेपर्यंत काकूंनी ते टोक हातात घेतले, डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाल्या, "अहो, ही कल्हई आहे. आमच्या पातेल्यांना असते तीच." बरोबर तेच होते. रबर पक्के करताना त्यात गंधक घालतात, गंधक तांब्याला खाते, म्हणून त्या काळच्या तारेवर कथलाचा पातळ थर देत असत. मी कानशीचे दोन हात मारले आणि तांबडी रेघ उमटली.

दुकानदाराने वाद घातला नाही. त्याने जाड तारेचा गठ्ठा उचलला, हातात जोखला आणि माझ्याकडे सरकवला. "हे उचलून पाहा." गठ्ठा आकाराच्या मानाने हलका होता. कानस मारली तर शेवटपर्यंत पांढरेच. एके काळी तांबे परदेशातून आणावे लागे म्हणून घरांतही ॲल्युमिनियमची तार सर्रास वापरली गेली, हे मला पाठ आहे. तरीही नमुना न घेता मी ती तांब्यात धरली होती. काकू माझ्याकडे पाहत होत्या. मी ती निमूटपणे ॲल्युमिनियमच्या भावाने दिली.

शेवटी पीव्हीसीची तार 64 टक्क्यांवर आणि कल्हईची 56 टक्क्यांवर ठरली. सोलण्याची मजुरी आणि त्याचा नफा वजा झाला, ते रास्तच. कल्हईच्या तांब्याला त्याने किलोमागे थोडा कमी भाव लावला, तोही मी मान्य केला, कारण कथील वेगळे काढण्याचा खर्च पुढच्याला येतोच. रिकाम्या गोण्या तोलून वजनातून काढल्या आणि काकूंनी पैसे दोनदा मोजले.

आम्ही रिक्षात बसत असताना दुकानदाराने पोराला हाक मारून आमची पांढरी तार आत न्यायला सांगितली. पोरगा ॲल्युमिनियमच्या ढिगाकडे वळला नाही. भिंतीशी एक वेगळी गोणी होती, तिच्यात त्याने ती ओतली. गोणी आधीच अर्धी भरलेली होती, तशाच पांढऱ्या तारेने.