नऊ की दहा

दुपारी गिटारच्या तारा बदलायला बसलो. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत त्या तशाही काळवंडतात, त्यात माझ्या बोटांना घाम भारी. पहिली तार सुरात आणताना लक्षात आलं, आपण मान वळवून एक डोळा गच्च मिटलाय.

ही सवय आजोळची. आजोबांच्या मिरजेच्या तंबोऱ्याची तार बदलायची म्हणजे सोहळाच. खुंटी घसरू नये म्हणून ते तिला खडू चोळायचे आणि आम्हाला दटावायचे, "लांब सरा रे, डोळ्यात जाईल!" आम्ही दाराआडून एका डोळ्याने बघायचो. कधीतरी टण्णकन आवाज यायचा. मग आजी आतूनच विचारायची, "गेली का?" आजोबा उत्तर द्यायचे नाहीत. नवी तार चढली की जव्हारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, सूत सरकवत किती वेळ बसायचे! खर्जाची पितळेची, बाकीच्या पोलादी, एवढंच आम्हाला ठाऊक. तारेची कंपनी कुठली, हे त्या घरात कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आणि आता माझा ड्रॉवर बघा. अर्नी बॉलचं गुलाबी पाकीट, म्हणजे नाइन्स, पहिली तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची. डॅडारिओचे टेन्स, त्यांच्या टोकाच्या गोळ्या रंगीत, म्हणून मला उगाच आवडतात. एलिक्सरच्या तारांवर तर पातळ लेप असतो. रेनकोटाचं गोअर-टेक्स कापड काढणारी गोअर कंपनीच त्या करते, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात त्या टिकणार हे ओघानं आलंच. टिकतातही. पण बोटाखाली ओल्या साबणासारख्या निसटतात. मला नाही जमत.

बाकी गेज, म्हणजे तारांची जाडी, तेच, सूर तोच, गिटारही तीच असेल, तर कंपनी बदलून ताण फारसा बदलत नाही. दहाचा सेट नेहमीच्या सुरात लावला की सहा तारा मिळून साधारण 46 किलोंनी ओढतात. नऊचा पुष्कळ मऊ. अर्नी बॉल हा मूळचा कॅलिफोर्नियातला दुकानदार. शिकाऊ पोरांना जाड तिसरी तार दाबवत नाही हे त्याने पाहिलं, मोठ्या कंपन्यांना हलका सेट करा म्हणून विनवलं, त्यांनी मनावर घेतलं नाही, तेव्हा 1962 च्या सुमारास स्वतःच विकायला लागला. त्याआधी काही वादक पहिल्या तारेच्या जागी बॅन्जोची बारीक तार लावून बाकीच्या एकेक घर खाली सरकवायचे. असे जुगाडू लोक मला फार आवडतात.

डोळे बांधून कुणी वाजवून दाखवलं तर कुठली कंपनी हे मला ओळखता येईल? छे. नवी की जुनी, हे मात्र झोपेतही सांगेन. खरं तर अगदी कोऱ्या तारेचा तो चकचकीत आवाज मला कर्कशच वाटतो. आठवडाभर वाजून जरा मुरली की ती माझी होते. मग पाकिटं बदलत का राहतो? दुकानात काउंटरवर दोन पाकिटं समोर ठेवून "नऊ की दहा?" करत उभं राहायला मजा येते, म्हणून.

जुन्या तारा मी टाकत नाही, त्यावरून घरात बोलणी खातो. बायकोनं अखेर त्यांचा उपयोग शोधला. बाल्कनीतला मनीप्लँट सध्या एका जाड सहाव्या तारेवर चढतोय. कुठल्या कंपनीची, देव जाणे.